कोपरा उलटून बघताना

सोलापुरात चादर घ्यायला आलेला जाणता माणूस आधी नक्षी बघत नाही. तो घडी मोडतो, एक कोपरा चिमटीत धरतो आणि उलटा करतो. वरून लालावर पिवळं फूल असेल तर खालून पिवळ्यावर लाल फूल निघालं पाहिजे. दोन थर एकमेकांत गुंतवून विणलेलं हे कापड असतं, त्यामुळे विणीत चूक झाली की ती उलट्या बाजूला लगेच उघडी पडते. कुठे धागा सुटून लोंबतो, कुठे मागावर नक्षी उतरवणाऱ्या जेकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्यातलं एखादं भोक बुजल्यामुळे पाकळी तुटते. गिऱ्हाईक दहा सेकंदांत हे सगळं बघतं आणि मग भाव विचारतं.

जुन्या, भव्य इमारतीत थाटलेलं समकालीन कलेचं संग्रहालय बघायला निघालात तर हीच सवय बरोबर न्या. तिथे इमारत हा एक थर असतो आणि आत मांडलेली कला हा दुसरा. दोन्ही वेगळ्या काळात, वेगळ्या हातांनी, वेगळ्या कारणासाठी घडलेले. ते एकमेकांत नीट गुंतलेत की नुसते एकावर एक ठेवलेत, हे कळायला कोपरा उलटावाच लागतो. बहुतेक लोक चित्रं बघून येतात, काही जण घुमट बघून येतात. दोन्हींमधला सांधा बघणारे फार थोडे, आणि माझ्या मते या भेटीतली निम्मी मजा त्या सांध्यातच आहे.

सोलापूरकराला या कामासाठी सोयीची जागा म्हणजे मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. सगळे त्याला एनजीएमए म्हणतात. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालं की सकाळी सीएसएमटीला उतरता येतं. तिथून हुतात्मा चौक, काळा घोडा असं सरळ चालत गेलं तर दोन किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं, अर्ध्या तासाची वाट. वंदे भारतने जाऊन त्याच दिवशी त्याच गाडीने परतायचा विचार सोडा. मधे जेमतेम साडेतीन तास हातात राहतात आणि त्यातला एक तास जाण्यायेण्यात जातो. सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की इथे प्रदर्शनं बदलत राहतात. एक उतरवून दुसरं चढवेपर्यंत दालनं बंद असतात. साडेचारशे किलोमीटर जाऊन बंद दाराशी उभं राहायचं नसेल, तर आत्ता कोणतं प्रदर्शन चालू आहे आणि ते कधी संपतंय, एवढं आधी बघून घ्या. प्रदर्शनाचा शेवटचा दिवसही टाळावा. गर्दी असते आणि कामं उतरवण्याची तयारी चालू झालेली असते.

ही इमारत म्हणजे 1911 साली बांधलेला सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा आणि थोडं पुढच्या गेटवे ऑफ इंडियाचा आराखडाही त्याचाच. हॉल बांधला तो सभांसाठी आणि संगीताच्या मैफलींसाठी. म्हणजे शेकडो माणसं एका व्यासपीठाकडे तोंड करून बसतील अशी एकच मोठी, उंच, पोकळ जागा. पुढे मैफली दुसरीकडे गेल्या आणि हॉलला मिळेल ते काम करावं लागलं. लग्नं झाली, मुष्टियुद्धाचे सामने झाले, चपलाबुटांचे सेल लागले. मग या इमारतीचं कलासंग्रहालय करायचं ठरलं. दिल्लीचे वास्तुविशारद रोमी खोसला यांनी आतली रचना केली, काम बारा वर्षं चाललं आणि 1996 साली संग्रहालय उघडलं.

आता खोसलांपुढचा प्रश्न मनाशी मांडून बघा. सभागृहात भिंती कमी आणि पोकळी जास्त. चित्रांना तर भिंत हवी, पोकळीचा त्यांना उपयोग नाही. बाहेरचं दगडी कवच वारसा म्हणून तसंच राहिलं पाहिजे. मग त्यांनी त्या पोकळीत मजले घातले. मधून जिना वर चढतो आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळाकार दालनं एकावर एक रचलेली आहेत. चढत चढत शेवटी माणूस घुमटाखाली पोचतो. म्हणून आत शिरल्यावर लगेच पहिल्या चित्राला चिकटू नका. जिन्यावर थांबा, वर बघा, खाली बघा. जिथे पूर्वी श्रोत्यांच्या डोक्यावर नुसती हवा होती, त्या हवेत आपण उभे आहोत हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं वेगळं दिसायला लागतं.

गोल दालनाची मोठी अडचण साधी आहे. भिंत वाकडी आणि चित्र सपाट. अंतर्गोल भिंतीवर चित्र टांगलं तर त्याच्या दोन्ही कडा भिंतीला टेकतात आणि मध्यभागी मागे पोकळी राहते. किती, ते सहज काढता येतं. चित्राच्या रुंदीचा वर्ग करायचा आणि त्याला भिंतीच्या त्रिज्येच्या आठपटीने भागायचं. समजा त्रिज्या 8 मीटर आहे आणि चित्र 2 मीटर रुंद आहे. 4 भागिले 64, म्हणजे मधे सहा सेंटिमीटरची फट. चित्र 3 मीटर रुंद असेल तर हीच फट 14 सेंटिमीटर होते. बहिर्गोल भिंतीवर उलटं होतं. चित्राचं पोट भिंतीला टेकतं आणि कडा अधांतरी राहतात. अशा वेळी टांगणाऱ्यांसमोर दोनच रस्ते असतात. एक, मोठ्या चित्रासाठी पुढे वेगळी सपाट भिंत उभी करायची आणि गोलाईचा थोडा भाग गमवायचा. दुसरा, मोठ्या कामाऐवजी छोट्या कामांची माळ लावायची, म्हणजे प्रत्येकाची फट बोटभरही राहत नाही आणि गोलाईही शिल्लक राहते. दालनात शिरलात की चित्राच्या बाजूला जाऊन, भिंतीला जवळजवळ गाल लावून मागे डोकावा. हात मात्र लावायचा नाही. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे किंवा नमद्याचे छोटे तुकडे दिसतील. हवा खेळावी, मागच्या बाजूला बुरशी धरू नये, म्हणून ते लावतात. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर जाते. तिथे हा बोटभर तुकडा चित्राचं आयुष्य वाढवतो.

उंचीही बघा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 155 सेंटिमीटरवर ठेवण्याची रीत आहे, कारण उभ्या माणसाची नजर तिथे पडते. पण वीस-पंचवीस फूट उंचीच्या दालनात या उंचीवर टांगलेलं लहान चित्र तळ्यात पडलेल्या पानासारखं दिसतं. वरची सगळी रिकामी भिंत त्याला दाबते. म्हणून काही ठिकाणी भिंतीचा खालचा आठ-दहा फुटांचा भागच वेगळ्या रंगाने वेगळा काढतात, किंवा उजेड खालीच ठेवून वरचा भाग अंधारात सोडतात. असं केलेलं दिसलं की समजावं, टांगणाऱ्याने इमारतीशी विचारविनिमय केला आहे.

उजेडाचा हिशोब याहून नाजूक. कागद, जलरंग आणि कापड यांच्यासाठी 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड चालतो, तैलरंगासाठी 150 ते 200. आपल्या घरच्या अभ्यासाच्या टेबलावर याहून जास्त उजेड असतो. म्हणून जलरंगांच्या दालनात शिरल्यावर "किती अंधार ठेवलाय" असं म्हणून लगेच पुढे जाऊ नका. डोळ्यांना पाच मिनिटं द्या, रंग हळूहळू वर येतात. दिव्याचा झोत उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशांत पडावा असं बघतात. यापेक्षा आडवा आला तर बघणाऱ्याची सावली चित्रावर पडते आणि चकाकी डोळ्यांत येते. अगदी उभा पडला तर चौकटीची सावली चित्राच्या वरच्या भागावर उतरते. घुमटाखाली हे सांभाळणं फार अवघड, कारण छत दूर आहे आणि दिवे टांगायला जवळ काही नाही.

चकाकीचं उदाहरण द्यायचं तर चित्रकार प्रभाकर बरवे. 2019 साली याच इमारतीत त्यांच्या कामाचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. बरवे कॅनव्हासवर इनॅमल रंग वापरत, म्हणजे दारं-खिडक्यांना आणि पत्र्याला लावतात ती जात. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत. असा रंग दिव्याचं प्रतिबिंब आरशासारखं परत फेकतो. अशा चित्रापुढे एका जागी उभं राहून भागत नाही. दोन पावलं डावीकडे, एक पाऊल मागे, थोडं वाकून, असं करत करत प्रतिबिंब चित्राबाहेर ढकलावं लागतं आणि मग आतलं पान, घड्याळ, शंख दिसू लागतात. हाच बरवे अनेक वर्षं विणकर सेवा केंद्रात काम करत होता, आधी वाराणसीला, मग मुंबईत. मागावर उतरणाऱ्या कापडासाठी नक्षी काढणं हे त्याचं नोकरीचं काम. सोलापुरातल्या ज्या घरांत ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरून फूल उतरवतात, त्या घरातल्या पोराला बरवेच्या चित्रातली मोकळी जागा कुणी समजावून सांगायची गरज पडू नये. रिकामा चौकोन हाही नक्षीचाच भाग असतो हे त्याला माहीत असतं.

आणि चित्रकार एम. एफ. हुसेन तर आपल्याच जिल्ह्यातले. 1915 साली पंढरपुरात जन्म, तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवण्याचं काम, 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर. फलक रंगवणारा माणूस लांबून बघायच्या हिशोबाने फटकारा मारतो. त्यांचं मोठं काम समोर आलं तर आधी मागे सरका. चित्राच्या कर्णाच्या दीडपट अंतर हा बरा अंदाज, म्हणजे 2 मीटर कर्णाच्या चित्रापासून 3 मीटर. जुन्या इमारतीतल्या अरुंद दालनात एवढं मागे जायला जागाच नसते, हा या जागांचा खरा दोष. अशा वेळी दाराच्या चौकटीतून किंवा जिन्याच्या वळणावरून चित्र दिसतं का ते बघा. चांगल्या क्युरेटरने मोठं काम मुद्दाम अशा दाराच्या समोर लावलेलं असतं.

भेटीसाठी तीन तास ठेवा, त्याहून जास्त नको. पाऊण तासानंतर पायांच्या आधी डोळे थकतात. पहिली फेरी वीस-पंचवीस मिनिटांची, खालपासून घुमटापर्यंत, एकही पाटी न वाचता. मग बाहेर येऊन पाणी प्या, बसा. दुसऱ्या फेरीत मनात अडकलेली पाच-सहा कामंच बघा. आता पाट्या वाचा. पाटीवरचं साल आधी वाचावं, मग माध्यम, मग माप. मापात उंची आधी आणि रुंदी नंतर लिहायची रीत आहे, हे माहीत नसलं की पुस्तकातलं छापील चित्र बघताना गोंधळ होतो. "मिश्र माध्यम" लिहिलं असेल तर थांबून काय काय मिसळलंय ते स्वतः शोधा. टिपणं घ्यायची असतील तर पेन्सिल न्यावी. शाईच्या पेनाला बहुतेक संग्रहालयांत हरकत घेतात आणि ती रास्त आहे.

एनजीएमएमध्ये जुन्या कवचाच्या आत नवी रचना घातली. मुंबईतच याच्या उलट पद्धतही बघायला मिळते, भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1872 साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून खुलं झालं, 1975 साली आजचं नाव मिळालं. इथे आतलं काहीच हलवण्यासारखं नाही. लोखंडी खांब, सोनेरी नक्षी, काचेची जुनी कपाटं, मातीच्या बाहुल्या. जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कार 2005 साली मिळाला आणि 2008 साली संग्रहालय पुन्हा उघडलं. त्यानंतर इथे आजच्या कलावंतांना बोलावून जुन्या कपाटांच्या मधोमध नवी कामं मांडायला सुरुवात झाली. 2011 साली जितीश कल्लाटने इथे बांबूच्या परांचीसारखं दिसणारं शिल्प मांडलं. 120 तुकड्यांचं, राळेत ओतलेलं. बांधकामावर बांबू सुतळीने बांधतात तसेच हे "बांबू" बांधलेले, आणि जवळ जाऊन बघितलं तर त्यांच्यावर सीएसएमटीच्या दगडी कोरीवकामातले प्राणी. परांची कायम दुरुस्तीच्या वेळी येते आणि काम झालं की जाते. नुकत्याच दुरुस्त झालेल्या, चकाचक इमारतीत ती परत उभी केल्यावर बघणाऱ्याला इमारतीचं सगळं दुखणं आठवतं. इथे दोन थर असे गुंतले आहेत की एक काढला तर दुसऱ्याचा अर्थ जातो. हे मला या जातीचं सगळ्यांत चांगलं उदाहरण वाटतं. (बुधवारी हे संग्रहालय बंद असतं. एका फेरीत दोन्ही करायची तर मंगळवार किंवा गुरुवार ते रविवारमधला दिवस बघा.)

लंडनच्या टेट मॉडर्नचं नाव या विषयात घ्यावंच लागतं. जुनं वीज केंद्र, 2000 साली संग्रहालय झालं, आणि जिथे टर्बाइनं होती ती दीडशे मीटर लांबीची जागा मोकळीच सोडली. 2007 साली डोरिस साल्सेदो या कोलंबियन कलावंताने त्या जमिनीलाच वाकडीतिकडी, 167 मीटर लांब भेग पाडली. प्रदर्शन संपल्यावर भेग भरली, पण तिचा वण जमिनीवर अजून दिसतो. इमारत आणि काम यांचा सांधा इतका उघडा क्वचितच कुठे बघायला मिळेल.

आता भिंतीबद्दल, कारण जुन्या इमारतीत बहुतेक बिघाड भिंतीतूनच येतात. आपल्याकडची जुनी भिंत दगड-चुन्याची. चुना श्वास घेतो. जोत्यातून वर चढणारं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जातं. कुणी तरी तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापतं. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद होते, मग ते सिमेंटच्या मागून आणखी वर चढतं आणि सिमेंट जिथे संपतं तिथे फुटतं. पाण्याबरोबर आलेले क्षार तिथे वाळून त्यांचे खडे होतात, खडे फुगतात आणि रंग, गिलावा, दगडाचा पापुद्रा ढकलून बाहेर काढतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. लोण्यावर परत सिमेंट थापणं म्हणजे गळूवर पट्टी चिकटवणं. करायचं ते असं: सिमेंट उतरवायचं, दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, दोन सेंटिमीटर खोल उकरून साफ करायच्या, भिंत वाळू द्यायची आणि मग चुन्यात दर्जा भरायच्या. चुनकळी पाण्यात विरवून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरवलेली हवी. एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग धुतलेली वाळू. एका वेळी एक सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको, आणि प्रत्येक थर आठवडाभर ओला ठेवायचा. घाई केली तर तडे जातात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे काम काढूच नये. दुपारपर्यंत थर करपतो आणि हाताने खरवडला तर भुगा निघतो. ऑक्टोबर ते जानेवारी हे याचे दिवस.

अशा भिंतीवर चित्रासाठी खिळा मारायचा झाला तर दगडात कधी मारू नये. फुगणारा बोल्ट काळ्या पाषाणाला आतून फाकवतो आणि दगडाची चीर परत सांधत नाही. दर्जेत मारावा, कारण दर्ज चुन्याने परत भरता येते. त्याहून चांगलं म्हणजे जुन्या भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर सोडून स्वतंत्र भिंत उभी करावी आणि मागची फट वर-खाली मोकळी ठेवावी. नव्या थरातलं सगळं उद्या काढून टाकता आलं पाहिजे आणि जुनी भिंत होती तशी मिळाली पाहिजे, ही या कामातली पहिली अट. संग्रहालयात अशी सुटी भिंत दिसली की तिच्या कडेला जा आणि फटीत बघा. मागे जुना दगड दिसला, वाऱ्याला वाट दिसली, तर काम जाणत्याचं आहे.

एवढं सगळं डोळ्यांत घेऊन परत आल्यावर सोलापूर वेगळं दिसतं. महापालिकेचं इंद्रभुवन आपण एरवी कामापुरतं बघतो, दाखला घेतो आणि निघतो. त्याच्या दर्शनी भागावरचं कोरीवकाम अर्धा तास थांबून बघा. पण माझा जीव अडकतो तो गिरण्यांत. 1877 सालची जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू ही नावं या शहराच्या तोंडात अजून आहेत. कापड गिरणीत विणकाम तळमजल्यावरच ठेवतात, कारण शेकडो माग एकदम चालले की हादरे बसतात आणि वरचा मजला ते सोसत नाही. या विणकाम शेडचं छप्पर बहुधा करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि ती उत्तरेकडे तोंड करून. तुटलेला धागा कामगाराला लगेच दिसावा, पण ऊन मागावर येऊ नये, म्हणून ही योजना. सगळीकडे सारखा, सावली न पाडणारा, थंड उजेड. चित्रकार आपल्या स्टुडिओसाठी नेमका हाच उजेड शोधतात. जगभर कलादालनं बांधताना हेच छप्पर पैसे खर्चून नव्याने करतात. आपल्याकडे अशी शेड आधीच घडलेली आहे आणि जमीनही यंत्रांचं ओझं सोसेल अशी. कलादालनाला चौरस मीटरला 400 ते 500 किलो भार धरतात, राहत्या घराला 200 धरतात. मागांची जमीन हे सहज पेलते.

अडचणी आहेत, त्या लपवू नयेत. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून विणकाम खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायचे, 80 टक्क्यांच्या आसपास. वर्षानुवर्षांच्या त्या ओलीने लोखंडी खांबांचे बूड आणि छपरातली पन्हळं गंजलेली असतात. दोन दात्यांमधल्या पन्हळीत पाणी तुंबलं की छप्पर तिथूनच गळतं, म्हणून तपासणी तिथून सुरू करावी. जमिनीत यंत्राचं तेल मुरलेलं असतं. छपराच्या सांध्यांत कापसाची बारीक धूळ बसलेली असते आणि ती ठिणगीने भडकते. वायरिंगच्या आधी ती काढावी. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते ओले करून, न फोडता, तोंडावर योग्य मास्क बांधून उतरवायचे असतात.

आणि एक अडचण खास आपल्या अक्षांशाची. उत्तरेकडची काच म्हणजे ऊन येणारच नाही, हे विलायतेत खरं. सोलापूर सुमारे 17.7 उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ सहा अंश. या दिवसांत उत्तरेच्या काचेतून तिरपं ऊन आत उतरतं, सकाळ-संध्याकाळी तर जास्तच. त्यासाठी काचेबाहेर आडव्या पट्ट्या लावाव्यात आणि आतून मांजरपाटाचा पडदा ताणावा. काचेवर अतिनील किरण अडवणारी फिल्म तर बाराही महिने हवी.

हवेचं गणितही मुंबईच्या उलट. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी होते की कॅनव्हासची लाकडी चौकट आकसते आणि रंगाला तडे जातात. मुंबईहून चित्र आलं तर पेटी न उघडता चोवीस तास दालनात तशीच ठेवायची, म्हणजे आतलं लाकूड हळूहळू जुळवून घेतं. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद, हा खर्च वाचवायचा प्रकार चित्राला सगळ्यांत वाईट. रोजच्या चढउतारापेक्षा एकसारखी थोडी जास्त उष्णता परवडली. जाड दगडी भिंती दिवसभराचं ऊन पोटात ठेवून संध्याकाळी आत सोडतात, तेव्हा रात्री वरची झडपं उघडून ती ऊब बाहेर काढायची सोय करावी. जुन्या शेडला अशी झडपं बहुधा असतातच, गंजून बसलेली असतात इतकंच.

अशा शेडमध्ये पहिलं काय मांडावं? उत्तरेच्या काचेखाली उजेड भरपूर, हजार लक्सपर्यंत सहज. दगड, लोखंड, माती यांना तो चालतो, शिल्पं तिथे ठेवावीत. कापडाला चालत नाही. 50 लक्सखाली कापडावर तीन महिन्यांत जेवढा उजेड पडतो, तेवढा हजार लक्समध्ये साडेचार दिवसांत पडतो आणि रंग विटतो. म्हणून सोलापुरी चादरीसाठी शेडच्या आत एक बंद, अंधारी खोली करावी. खिळे, चिमटे नकोत. वरच्या कडेला 5 सेंटिमीटर रुंदीची सुती पट्टी हाताने टाचून तिच्यावर वेल्क्रो शिवायचा आणि लाकडी पट्टीवर टांगायची, म्हणजे दीड-दोन किलोचं वजन सगळ्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, सारखं वाटलं जातं. भिंतीला लावू नये. खोलीच्या मधोमध टांगावी, दोन्ही बाजूंनी फिरून बघता येईल अशी.

आणि बाहेर, काचेखालच्या भरपूर उजेडात, एका टेबलावर दुसरी चादर नुसती घडी करून ठेवावी. तिला दोरी नको, काच नको, "हात लावू नये"ची पाटी नको. ती मळेल, विटेल, तीन-चार महिन्यांनी बदलावी लागेल. बदलावी. येणाऱ्याने घडी मोडायची, कोपरा चिमटीत धरायचा आणि उलटा करायचा.